सोमवारचा तारा

"माफीपत्रावर पाच वाजेपर्यंत सही केली नाही, तर मला वेधशाळेतून काढतील," चष्मेवाली म्हणाली आणि मावशींसमोर कागद ठेवला.

मावशींनी खासगी तपासाचा व्यवसाय सुरू केल्यापासून भाचा त्यांच्यासोबत होता. गाडी चालवणं, पिशवी धरणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं, ही त्याची कामं.

हकिगत सरळ होती. मंगळवारी रात्री या मुलीने एका दीर्घिकेचा फोटो टिपला. त्यात एक नवा ठिपका होता. अतिनवतारा, म्हणजे मरताना फुटलेला तारा. सहा वर्षं ती त्याच शोधात होती.

"बुधवारी सकाळी मी फक्त वेधशाळेतल्या काकांना सांगितलं. त्यांनीच मला शिकवलंय. ते म्हणाले, घाई नको, आधी तो लघुग्रह तर नाही ना, ते तपासू. दुपारी बघते तर माझा फोटो संगणकातून गायब! आणि काकांनी तोच तारा सोमवारीच टिपला होता म्हणे."

"मग तुमची तक्रार काय?"

"काका पहिले, मान्य. पण संचालकसाहेब म्हणतात, मी फोटो काढलाच नाही, काकांचा बघून थापा मारतेय. माझा फोटो साहेबांनीच उडवलाय."

भाच्याला पटलं. साहेब नावाच्या माणसाबद्दल त्याचं मत तसंही चांगलं नव्हतं.

वेधशाळेत पोचल्यावर संचालकसाहेबांनी ते मत पक्कं केलं. "पुरावा कुठाय? वेधशाळेची अब्रू चव्हाट्यावर आणू नका," ते खेकसले. संगणकाच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, असं विचारताच त्यांनी नजर चुकवली. "आम्हा तिघांकडे. मी, ती, काका."

"हाच," भाचा पुटपुटला.

"तुझं ते नेहमीचंच," मावशी म्हणाल्या.

काका सत्तरीचे, मऊ बोलणारे. बत्तीस वर्षं ते विनामोबदला आकाश धुंडाळत होते. त्यांच्या फळ्यावर सोमवारच्या पाळीतले चार फोटो टाचलेले होते. ठळक ताऱ्यांभोवती अधिकच्या चिन्हासारख्या सरळ फुल्या होत्या.

"आणि हा पाचवा. त्याच रात्रीचा," काकांनी अभिमानाने पुढे केला. "कॅमेऱ्यातून निघाला तसाच. बोटही लावलेलं नाही."

भाच्याला त्यात दीर्घिकेचा धुरकट पुंजका दिसला, शेजारी ठिपका, आणि कोपऱ्यातल्या ठळक ताऱ्याची फुली गुणाकाराच्या चिन्हासारखी तिरकी. तो जांभई आवरत होता. मावशी मात्र फोटोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"पोरीचं वाईट वाटतं हो," काका म्हणाले. "तरुण आहे. मिळेल तिला दुसरा तारा."

दुर्बिणीपाशी मिस्त्री पाना घेऊन बसला होता. "मंगळवारी दुपारी कॅमेरा काढला, बाई. काचेवर धूळ होती. पुसून परत बसवला. चांगलाच कललाय, पण संगणक फोटो आपोआप जुळवून घेतो. कोण बघतंय?"

"काकांना सांगितलंत?"

"ते मंगळवारी आलेच नव्हते. मग राहूनच गेलं."

पाच वाजता सगळे संचालकांच्या खोलीत जमले. मावशींनी काकांचे पाचही फोटो टेबलावर मांडले.

"दुर्बिणीतला छोटा आरसा चार पट्ट्यांवर धरलेला असतो. त्या पट्ट्यांमुळे ठळक ताऱ्याभोवती फुली उमटते. बरोबर, मिस्त्री?"

"बरोबर."

"पट्ट्या हलत नाहीत. कॅमेरा कलला, तरच फोटोत फुली कलते. सोमवारच्या या चार फोटोंत ती सरळ आहे. पाचव्यात तिरकी, आणि तो संगणकाने जुळवलेला नाही, कॅमेऱ्यातून निघाला तसाच आहे, हे काकांनीच सांगितलं. आणि कॅमेरा कलला मंगळवारी दुपारी."

संचालकांनी फोटो ओढून घेतला. "मग हा सोमवारचा नाही?"

"मंगळवार रात्रीचा आहे. या मुलीचा. नुसती तारीख बदललीय. दोन सारखे फोटो राहिले असते, तर चोरी उघडी पडली असती, म्हणून मूळचा उडवला. त्यासाठी वेळ हवा होता. लघुग्रह तपासायला लावून तो मिळवला." मावशी वळल्या. "काका, फुली बघायची तुम्हालाही सवय नाही. तुम्ही सगळे दीर्घिकाच बघता."

भाच्याने साहेबांकडे रोखलेली नजर घाईघाईने काढून घेतली.

चष्मेवाली उठून उभी राहिली. "काहीतरीच काय! काका, सांगा ना यांना."

काकांनी मान वर केली नाही. "बत्तीस वर्षं, पोरी. एकही नाही सापडला. आता डोळेही जाताहेत. फक्त एकदा नाव लागावं..."

तिचा चेहरा पांढरा पडला. फोटो गेला तेव्हाही ती एवढी खचली नव्हती.

"तुम्ही नुसतं म्हणाला असतात, काका," ती अखेर म्हणाली, "तर मीच दोघांची नावं दिली असती. तुमचं आधी."

"आणि आता?" काकांनी हळूच विचारलं.

"आता एकच."

ती संगणकासमोर बसून शोधाच्या नोंदीतलं नाव बदलायचा अहवाल लिहू लागली. डोळ्यांतल्या पाण्याने तिला अक्षरं दिसत नव्हती, हे भाच्यालाही कळलं. काका सवयीने मदतीला उठले, आणि दोन पावलांवर थांबून परत जागेवर बसले.