कुर्ल्याच्या पोटावरची वस्ती

“माझे वजन सदतीस ग्रॅमने वाढले आहे,” कुर्ल्या म्हणाला. “मी काहीही खात नाही. कृपया कारण शोधावे.”

सुरंगी कुबल खदखदून हसली. ओहोटी लागली होती आणि ती बांधाच्या पायथ्याशी ओल्या खडकावर बसली होती. कुर्ल्या हा सहा पायांचा, परातीएवढा यंत्रमानव. समुद्रकाठच्या या बांधाची देखभाल करणे हे त्याचे काम. दिसायला तो थेट खेकड्यासारखा होता आणि त्या भागात खेकड्याला कुर्ली म्हणतात, म्हणून गावातल्या मुलांनी त्याचे नाव कुर्ल्या ठेवले होते.

“गणपतीत चोरून मोदक खाल्लेस की काय रे?”

“मला तोंड नाही.”

“बरं, उलटा हो. बघू दे.”

कुर्ल्याने एका बाजूचे पाय ताणले आणि तो पाठीवर आडवा झाला. त्याच्या करड्या पोटाकडे नजर जाताच सुरंगीचे हसू थांबले. पोटाच्या एका कोपऱ्यात पांढुरके, खडबडीत सुळके दाटीने उभे होते. प्रत्येकाच्या टोकाशी एक बारीक तोंड होते, आणि ते दोन झडपांनी घट्ट मिटलेले होते. तिने नखाने एक सुळका हलवून पाहिला. तो जराही हलला नाही.

हे बार्नॅकल होते. तिने ते जुन्या खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकाळ पट्ट्यावर, लहानपणी पाहिले होते. त्यांच्यावरून अनवाणी चालले की तळपाय सोलवटून निघत. हे प्राणी बांधावर यावेत म्हणून सारे कातळवेळ गाव तीन वर्षे वाट पाहत होते. बांधावर एकही आला नव्हता. आणि आले ते बांधाची काळजी घेणाऱ्या यंत्राच्या पोटावर!

सुरंगी उठली आणि घराकडे धावत सुटली.

ती एवढी का धावली, हे कळण्यासाठी थोडी मागची हकीकत सांगायला हवी. गेल्या काही दशकांत समुद्राची पातळी वीत-दीड वीत वाढली होती. कातळवेळच्या बायका ज्या खडपावरून पिढ्यान्‌पिढ्या कालवे, म्हणजे दगडाला चिकटून राहणारे खाण्याचे शिंपले, काढत, ते खडप आता मोठ्या ओहोटीलाच, महिन्यातून मोजके दिवस उघडे पडे. त्याच्या खाचांत गाळ साचला होता. म्हणून विद्यापीठाने आणि गावाने मिळून थोडा वर, खडबडीत काळ्या दगडांचा ‘जिवंत बांध’ रचला. त्यावर बार्नॅकल, समुद्री गोगलगायी आणि कालवे वस्ती करतील, लाटांचा मारा कमी होईल आणि बांधाच्या राखणीचे काम गावातल्या बायकांना मिळेल, अशी योजना होती.

पण बांध उघडाबोडका राहिला. पुढच्या पौर्णिमेला किनारा समितीचे अभियंते दिघे पाहणीला येणार होते. तेव्हाही त्यावर जीव दिसले नाहीत, तर बांध काढून तिथे काँक्रीटची गुळगुळीत भिंत उभी राहणार होती. सुरंगीच्या आईने, चंद्रभागाने, दूरच्या बंदरातल्या कोळंबीच्या कारखान्यात नाव नोंदवले होते. राहायचे तिथेच, घरी यायचे ते वर्षातून दोनदा. बांध गेला तर आईही जाणार होती.

निरोप मिळताच दुसऱ्या दिवशी दुपारी विद्यापीठातून डॉ. फातिमा सोलकर आल्या. बांधाची कल्पना त्यांचीच. वय पासष्टीच्या पुढे, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, गळ्यात भिंग. साऱ्या गावात त्या सोलकरबाई होत्या.

सुरंगी आणि चंद्रभागासमोर त्यांनी कुर्ल्याला समुद्राच्या पाण्याने भरलेल्या टबात उलटा ठेवला आणि भिंगाचे चित्र पडद्यावर सोडले.

“आता कुणी हलायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“मीही नाही का?” कुर्ल्याने विचारले.

“तू तर मुळीच नाही.”

मिनिटभर काहीच झाले नाही. मग एका सुळक्याच्या टोकाशी असलेल्या दोन झडपा हळूच उघडल्या. आतून मोराच्या तुऱ्यासारखे काहीतरी बाहेर आले, पाण्यात पसरले, मुठीसारखे मिटले आणि आत गेले. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. शेजारचाही उघडला. बघता बघता ती सारी वस्ती पाण्यात तुरे हलवू लागली.

ज्याला सुरंगी आजवर दगडावरचा खरबरीतपणा समजत होती, तो श्वास घेणारा, हालचाल करणारा प्राणी होता.

“ते त्याचे हात आहेत?”

“पाय आहेत,” सोलकरबाई म्हणाल्या. “पायांच्या सहा जोड्या. बार्नॅकल हा कवचधारी प्राणी (अंगावर कठीण कवच आणि सांधे असलेले पाय असणारा जीव) आहे. खेकडा आणि कोळंबी यांचा नातेवाईक. फरक इतकाच, की हा डोकं दगडाला चिकटवून घेतो, भोवती चुन्याचं घर बांधतो आणि जन्मभर उलटा राहून पायांनी पाण्यातलं अन्न तोंडात ओढतो.”

“जन्मभर? मग हे कुर्ल्यापर्यंत आले कसे?”

“लहानपणी हा प्राणी मोकळा असतो. अंड्यातून निघते ती अळी (प्रौढापेक्षा अगदी वेगळी दिसणारी बाल्यावस्था). टाचणीच्या टोकाहून बारीक, एकच डोळा असलेली. ती समुद्रात तरंगते, खाते, कात टाकत वाढते. शेवटी तिचं रूप बदलतं आणि ती दोन शिंपल्यांत मिटलेल्या तिळाच्या कणासारखी दिसू लागते. या नव्या रूपात ती काहीच खात नाही. साठवलेल्या शक्तीवर तिला एकच काम करायचं असतं, जागा शोधायची. शृंगिका (डोक्यावरची स्पर्श आणि चव ओळखणाऱ्या मिशांची जोडी) टेकवत ती दगडावर चक्क चालते. इथे बघते, तिथे बघते. पसंत पडली नाही तर पुन्हा पोहत निघून जाते. पसंत पडली, की डोकं टेकवून चिकटते. मग ती जागा कधीच सुटत नाही.”

“चुकली तर?”

“तर मरते. म्हणून ती उतावीळपणा करत नाही.”

पडद्यावर तुरे हलतच होते. तिळाहून लहान जिवाने, उभ्या आयुष्यात एकदाच करायची ही निवड! सुरंगीला वाटले, आपण साधी वही घेतानाही दुकानात एवढा वेळ लावतो, आणि यांना तर चूक दुरुस्तच करता येत नाही.

“पण मला एक कळत नाही,” ती म्हणाली. “कुर्ल्याचं पोट एवढं मोठं आहे. मग सगळे एका कोपऱ्यातच दाटीने का बसलेत?”

सोलकरबाईंनी तिच्याकडे कौतुकाने पाहिले. “हाच खरा प्रश्न आहे. अळीला डोळ्यांनी फारसं कळत नाही. ती चव घेते. जिथे तिच्या जातीचे मोठे प्राणी राहतात किंवा राहून गेले आहेत, तिथल्या कवचाला एक विशिष्ट चव असते. चालून गेलेल्या अळ्यांच्या पाऊलखुणासुद्धा तिला कळतात. कुणी इथे जगलं, म्हणजे इथे जगता येतं, एवढी खात्री तिला पुरते. शिवाय बार्नॅकल हलू शकत नाही, त्यामुळे त्याला पिल्लं व्हायची तर शेजारी अगदी लागून हवा.”

“आणि जिथे आधी कुणीच नसेल?”

“तिथे सूक्ष्मजीवांचा थर (डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा, बोटाला बुळबुळीत लागणारा पापुद्रा) आधी धरावा लागतो. जागा जुनी आहे, इथे समुद्राची ये-जा आहे, असं तो थर सांगतो. एखादी धाडसी अळी त्यावर बसते, मग बाकीच्या येतात. गोगलगायी तर तो थर खाऊनच जगतात. त्यांच्या जिभेवर कानशीसारखी दातांची पट्टी असते, तिने त्या खरवडतात.”

सुरंगीने स्वतः जुन्या खडपावरून गोगलगायी आणून बांधावर सोडल्या होत्या. प्रत्येक वेळी त्या पुढच्या ओहोटीपर्यंत निघून जात. आता तिला ते आठवले, आणि बांधाचा स्वच्छ, चकचकीत काळा दगडही डोळ्यांपुढे आला.

“कुर्ल्या,” ती हळूच म्हणाली, “तू बांधाचं रोज काय काय करतोस?”

“प्रत्येक ओहोटीला संपूर्ण बांध गोड्या पाण्याने धुतो आणि ब्रशने घासतो. बुळबुळीतपणा शून्यावर आणतो. भरतीत मी तिथेच पाण्याखाली असतो. माझे पोट मात्र माझ्या ब्रशच्या टप्प्यात येत नाही. आदेश तीन वर्षांपूर्वीचा आहे. आदेश देणारी व्यक्ती, सुरंगी कुबल.”

सुरंगीचे डोळे भरून आले. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. घरी पाहुणे येणार म्हटले, की आई अंगण झाडून घेई, ओटा धुऊन काढी. बांधावर समुद्रातले पाहुणे येणार होते. म्हणून तिने त्यांच्यासाठी घर स्वच्छ ठेवायला सांगितले होते, रोज, न चुकता.

“माझ्यामुळे,” ती म्हणाली. “आये, माझ्यामुळे तू जाणार.”

“गप गो,” चंद्रभागा म्हणाली. तिने लेकीचे डोके छातीशी धरले. “घर धुतलंस, कुणाचं मोडलं नायस. आणि तुका शिकवलंन कोणी? मीच ना!”

“मीही दर महिन्याला अहवाल वाचत होते,” सोलकरबाई सावकाश म्हणाल्या. “‘देखभाल पूर्ण’ असं लिहिलेलं असायचं. देखभाल म्हणजे नेमकं काय, हे मी एकदाही विचारलं नाही. ही चूक माझी जास्त.”

“मी आता काय करावे?” कुर्ल्याने विचारले.

“काही करू नकोस,” सुरंगी नाक पुसत म्हणाली. “अजिबात काही करू नकोस.”

पण पाहणीला एकोणतीसच दिवस उरले होते. नुसता थर धरून वस्ती व्हायला ते पुरतील का, हे सोलकरबाईंना सांगता येईना. तेवढ्यात चंद्रभागा म्हणाली, “बाई, ती चव म्हणता, ती कालवांच्या पिल्लांनापण लागते काय?”

“लागते. का?”

“आम्ही कालव काढतो ना, तेव्हा कोयत्याने वरची शिंप उचलतो, आतलं मांस घेतो. खालची शिंप दगडालाच ठेवतो. उखडली तर माझी आये हातावर मारायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाय. मी म्हणायचे, आळस असेल म्हातारीचा!”

सोलकरबाईंनी हातातले भिंग खाली ठेवले. “चंद्रभागा, मी चाळीस वर्षं हेच पुस्तकांतून शिकवते आहे. ती खालची शिंप म्हणजे पुढच्या पिढीला दिलेला निरोप. इथे राहता येतं, एवढाच.”

पौर्णिमा नुकतीच झाली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या ओहोटीला पाणी बरेच खाली गेले. जुने खडप घटकाभर उघडे पडले. गावातल्या अकरा बायका पाट्या-टोपल्या घेऊन गाळात उतरल्या. जुन्या शिंपा आणि रिकामी बार्नॅकलची घरे चिकटलेले सुटे धोंडे त्यांनी निवडून काढले. कुर्ल्या ते पाठीवर लादून बांधापर्यंत नेई आणि सुरंगी फटींमध्ये एकेक बसवी.

“यांना धुवायचे नाही ना?” कुर्ल्या प्रत्येक खेपेला विचारी.

“नाही रे बाबा!” अकराही बायका ओरडत.

मग वाट पाहणे सुरू झाले. आठव्या दिवशी दगड बुळबुळीत लागला आणि सुरंगीचा पाय घसरून ती आपटली. गुडघा फुटला तरी ती आनंदाने नाचली. बाराव्या दिवशी तीन गोगलगायी आल्या, आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच होत्या. विसाव्या दिवसापर्यंत मात्र भिंगातून आणखी काहीच दिसेना. चंद्रभागाने ट्रंक उघडून दोन साड्या आत ठेवल्या. सुरंगीने ते पाहिले आणि ती पुन्हा बांधाकडे निघाली.

पौर्णिमेला, ऊन कलल्यावर, अभियंते दिघे आले. उंच, मितभाषी गृहस्थ. त्यांनी बांधाच्या वरच्या भागावरून हात फिरवला. तिथे काहीच नव्हते. खालच्या पट्ट्यापाशी ते थांबले. जुन्या धोंड्यांभोवती तळहाताला बारीक खरखर जाणवली. सोलकरबाईंनी भिंग पुढे केले. मोहरीहून लहान, पांढरे ठिपके, एकमेकांना खेटून, शेकड्यांनी.

दिघे बराच वेळ वाकून पाहत राहिले. “हे छान आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण तीन वर्षांत एवढंच? यावर बांध ठेवा, असं मी समितीला कसं सांगू?”

सोलकरबाई बोलणार, इतक्यात सुरंगी पुढे झाली. तिचे कान तापले होते.

“तीन वर्षांत नाही, सर. महिन्याभरात. तीन वर्षं मी हा बांध रोज पुसून घेत होते. मला वाटायचं, स्वच्छ असला तर ते येतील. ते रोज येत असणार, चव बघत असणार, आणि इथे कुणीच नाही असं समजून परत जात असणार.”

“माझ्या नोंदी उपलब्ध आहेत,” कुर्ल्या म्हणाला. “दोन हजारांहून अधिक वेळा धुतला.”

दिघे त्या लहान मुलीकडे पाहत राहिले. भरती लागली होती. पहिली पातळ लाट खालच्या पट्ट्यावरून सरकून गेली, मग दुसरी, आणि पाणी तिथेच थांबले. दिघ्यांनी पुन्हा भिंग धरले. पाण्याखाली ते मोहरीहून लहान शेकडो सुळके एकामागून एक उघडत होते, आणि बाहेर आलेले बारीक पाय समुद्राला चाचपत होते.

दिघ्यांनी बूट-मोजे काढले आणि पोटरीभर पाण्यात उतरून नीट पाहिले.

“काँक्रीटचं काम मी थांबवतो,” ते म्हणाले. “एक वर्ष देतो. पण राखण करायला भरवशाची माणसं लागतील, आजपासूनच.”

“आहेत की,” चंद्रभागा म्हणाली. तिने सुरंगीच्या खांद्यावर हात ठेवला. “अकरा आहेत. आणि ही बारावी.”

पाणी वर चढत होते. सोलकरबाई सांगत होत्या, की पुढच्या वर्षी हीच पिल्ले आपल्या अळ्या समुद्रात सोडतील, कालवे मागून येतील, आणि किनाऱ्यावरच्या आणखी चार गावांत असे बांध रचता येतील. सुरंगी ऐकत होती, पण तिची नजर पलीकडे, लाटांवर होती. त्या साऱ्या पाण्यात या क्षणी किती तिळाएवढे जीव घर शोधत चालले असतील!

चंद्रभागा तिच्या शेजारी येऊन बसली. “उद्यापासून दर ओहोटीला यायचं हां आपण दोघींनी,” ती म्हणाली. “नुसतं बघायचं. हात नाय लावायचा.”