अखंड वास्तव्य

माझं काम वजनकाटे तपासण्याचं. दुकानदाराचा काटा, भंगारवाल्याचा तराजू, दवाखान्यातलं बाळांचं वजन करायचं यंत्र, सगळ्यांवर मी प्रमाणित वजनं ठेवून बघते आणि काटा खरा असला तर शिक्का मारते. एकोणीस वर्षं हेच करत आले. हे आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी पाहिलं-ऐकलं तेवढंच असेल. अंदाजपंचे बोलायची मला सवय नाही.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. चार मजली इमारत, मजल्यावर चार घरं. इमारत आमची, पण जमीन आमची नाही. ती नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यावर घेतलेली होती आणि तो पट्टा गेल्या वर्षी संपला. जमिनीच्या मालकांनी सोळाही घरांना जागा सोडायची नोटीस दिली, आम्ही सोळाही पट्टेदार कोर्टात गेलो. तेवढ्यात सरकारचं नवं धोरण आलं. जो पट्टेदार घरात खरोखर राहतो, त्याला परवडेल अशा दरानं नवा पट्टा मिळेल. ज्यानं घर नुसतं अडवून ठेवलंय, त्याला मिळणार नाही. धोरण काही वाईट नव्हतं. पण खरोखर राहतो हे ठरवायचं कसं, तर सहा महिन्यांचं अखंड वास्तव्य दाखवून. तपासनीस न कळवता कधीही येणार, दहा ते पाचच्या मध्ये. दोनदा बेल वाजवणार, मनात शंभर आकडे मोजणार, आणि दार उघडलं नाही तर गैरहजेरी मांडणार. तीन गैरहजेऱ्या झाल्या की दावा बाद.

त्या तपासनिसाला इमारतीत सगळे हजेरीमास्तर म्हणत. किरकोळ अंगाचा, अदबीनं बोलणारा माणूस. दार उघडणाऱ्याची वहीत सही घ्यायचा, कार्बनची गुलाबी प्रत फाडून हातात द्यायचा आणि पुढच्या दाराकडे वळायचा.

त्या महिन्यांत इमारतीतल्या कुलपांना गंज चढायची वेळ आली. आमच्या संघटनेचे अध्यक्ष, दुसऱ्या मजल्यावरचे पोस्टातले काका, खिडकीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडत आणि भाजी वर ओढून घेत. चौथ्या मजल्यावरच्या गाणंवाल्या बाई सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेल्या नाहीत. सगळे घर वाचवत होते आणि त्यापायी घरातच अडकले होते.

आमच्याकडे आम्ही तिघं. मी, माझा नवरा आणि माझे सासरे. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासतो. आम्ही दोघं कामावर, म्हणून दार राखायचं काम बाबांकडे आलं. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. रेल्वेत रूळ तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रोज दहा-बारा मैल पायी चालणारा माणूस आता दाराशेजारी खुर्ची टाकून बसू लागला. एकदा अंघोळ करत होते, एकदा डुलकी लागली, अशा दोन गैरहजेऱ्या झाल्या होत्या. दुसरीच्या वेळी ते आमच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले. मग स्वतःच हसून म्हणाले की, तुरुंगही माझाच आणि पहारेकरीही मीच, आता तक्रार कोणाकडे करू?

चौथ्या महिन्यातल्या एका मंगळवारी मी तापामुळे घरी होते. दुपारी बारा वाजता बाबांनी छातीवर हात दाबला आणि ते खुर्चीतून खाली घसरले. रुग्णवाहिका आली. दोघांनी त्यांना झोळीत घालून जिन्यानं उतरवलं. मी दार ओढलं, वरचं आणि खालचं, दोन्ही कुलपं लावली. जिन्यात बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता, तरी ते पुटपुटत होते.

"अगं, दाराला कोणी नाही."

मी त्यांना गप्प राहायला सांगितलं.

नवरा छापखान्यातून थेट दवाखान्यात आला. रात्र बाकावर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे घ्यायला घरी आले, ते तिसरी गैरहजेरी झाली असणार असं धरूनच. दाराच्या कडीत गुलाबी प्रत खोचलेली होती. मंगळवार, दुपारी सव्वा वाजता. हजर. दार कोणी उघडले या रकान्यात लिहिलं होतं, घरातील बाई. खाली सही होती. शाळेत घोटून घेतात तशा गोल, सुबक अक्षरात एकच शब्द: घरची.

सव्वा वाजता मी दवाखान्यात बाबांची कागदपत्रं भरत होते. दोन्ही कुलपं जशीच्या तशी होती. तिसरी किल्ली आम्ही कधी करूनच घेतली नव्हती. घरात सगळं जागच्या जागी होतं. फक्त बाबांची कलंडलेली खुर्ची कोणीतरी उचलून नीट ठेवली होती.

नवऱ्याला प्रत दाखवली तेव्हा त्यानं ती दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. हजेरीमास्तरानं दया येऊन मांडून टाकलं असेल, म्हणाला. मिळालंय ते गुपचूप घ्यावं, विचारायला जाऊ नये. मलाही तेच हवं होतं.

बाबा तीन आठवडे दवाखान्यात होते. त्या काळात घर दिवसभर बंद असायचं आणि हजेरीमास्तर चार वेळा येऊन गेला. चारही प्रतींवर हजर, चारहींवर तीच सही. दुसरी प्रत कडीत मिळाली. तिसरी मिळाली ती घरात, जेवणाच्या टेबलावर, वाऱ्यानं उडू नये म्हणून पेल्याखाली दाबून ठेवलेली.

तेव्हाच मी घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं दवाखान्यातून निघून बागेत जाऊन बसलो, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. नवऱ्यानं घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. परत आलो तेव्हा न्हाणीघरात धुतलेले कपडे पिळून ठेवलेले होते. आमचेच. आम्ही ते वाळत घातले.

चौथ्या प्रतीनंतर मात्र मला राहवेना. मी हजेरीमास्तराच्या कचेरीत गेले. आमच्या घराचा क्रमांक सांगितल्यावर त्याचा चेहरा खुलला. ते घर फार नीटनेटकं, म्हणाला. त्या बाई पहिल्या बेललाच दार उघडतात. उंच आहेत, बोलणं हळू. हातातलं काम टाकून आल्यासारख्या वाटतात. प्रत्येक वेळी पाणी विचारतात. आधी एक म्हातारे गृहस्थ असायचे, ते आता दिसत नाहीत.

मग त्यानं वही उघडून माझ्याकडे वळवली. घरातील माणसं या रकान्यात पूर्वी तीन होते. त्यावर रेघ मारून एक लिहिलं होतं.

"त्या म्हणाल्या की, मी एकटीच असते," तो म्हणाला. "तुम्ही त्यांच्या कोण?"

माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. अशी कोणी बाई आमच्या घरात नाही, असं सांगितलं असतं तर चारही हजेऱ्या खोट्या ठरल्या असत्या आणि घर गेलं असतं. दवाखान्यातून सुटणाऱ्या आजारी माणसाला मी कुठे नेणार होते? एकोणीस वर्षांत खोट्या काट्यावर मी शिक्का मारला नव्हता. त्या दिवशी मारला.

"नात्यातली," मी म्हणाले.

त्यानं ते लिहून घेतलं.

बाबा घरी आले, पण पलंगाला खिळून. जिना चढण्या-उतरण्याचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी लांब रजा टाकली. पहिल्याच दुपारी बाबांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं की, पाय पसरून झोपलं तर चालेल ना? आपलंच घर आहे, असं मी म्हणाले. तरी ते पाय जवळच घेऊन झोपले. स्वयंपाकघरात जाताना आपणही दाराशी क्षणभर थांबतो, हे माझ्या आठवडाभरानं लक्षात आलं.

मी तिला कधी पाहिलं नाही. मी एका खोलीत असले की दुसरीत कोणीतरी वावरायचं. कपाट हलकेच लागायचं. नळ नीट बंद व्हायचा. त्रास असा काही नव्हता. एका शिस्तीच्या बाईच्या घरी आपण पाहुणे म्हणून उतरलोय आणि मुक्काम जरा लांबलाय, तसं वाटायचं.

गुरुवारी बेल वाजली. मी दाराशेजारीच होते, चार पावलांवर. पण मी पोचेपर्यंत दार उघडलं होतं. उंबऱ्यापलीकडे हजेरीमास्तर उभा होता आणि माझ्या खांद्याच्या बाजूला, जरा वर बघून हसत होता.

"नमस्कार," मी म्हणाले. "आज मी घरी आहे."

त्यानं नजर हलवली नाही. कोणाचं तरी बोलणं ऐकत असावा तसा मान डोलावत राहिला. वही पुढे केली. मी हात लांब केला, पण वही माझ्या हाताला लागलीच नाही. ती जरा बाजूला, हवेत स्थिर धरली गेली आणि परत आली. सही झाली होती. शाई ओली होती.

तो गेला. मी जिन्यात पोस्टातल्या काकांना गाठलं. ते नेहमीसारखं बोलले, पण बोलता बोलता अडखळले.

"तुम्ही त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे आलाय ना? जा, जा, त्या घरीच असतात," म्हणाले, आणि जिन्याच्या खिडकीतून दोरीची पिशवी वर ओढू लागले.

मी ज्या माणसाच्या मुलीच्या लग्नात तीन दिवस राबले होते, तो माणूस.

सहा महिने पुरे झाले. सोळापैकी अकरा घरांना नवा पट्टा मिळाला. आमच्याही घराला मिळाला. आदेश एका पानाचा होता. पट्टेदार: प्रत्यक्ष अखंड वास्तव्य करणारी व्यक्ती. त्यापुढे नावाच्या जागी टंकलेखन केलेलं होतं, घरची. इतर कोणास राहायचे असल्यास पट्टेदाराच्या संमतीने. एक तारखेपासून लागू.

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला की, आपण दुसरी जागा बघू, तळमजल्यावरची, बाबांना उचलून नेता येईल अशी. मी हो म्हणाले. दोघंही आम्ही कुजबुजत होतो.

एक तारखेला तो सकाळी कामावर गेला.

सहा वाजता त्याची पावलं जिन्यात वाजली. ती मला हजारांत ओळखू येतात. किल्ली कुलपात गेली, पण फिरली नाही. त्यानं पुन्हा फिरवून पाहिली. मग बेल वाजवली.

मी धावले. दार माझ्या आधी उघडलं.

तो उंबऱ्याबाहेर उभा होता, हातात डबा. मी त्याला हाक मारली. तो माझ्या बाजूला, जरा वर बघत होता. चेहऱ्यावर अनोळखी माणसासमोर असतं तसं अवघडलेपण.

"माफ करा," तो म्हणाला. "इथे पूर्वी आमचे लोक राहायचे."

थांबला. ऐकलं. मान हलवली.

"असं होय. चुकलंच माझं."

दार लागलं. मी ते लगेच उघडलं. ते उघडतं, अजूनही उघडतं. मला कोणी कोंडलेलं नाही. तो एक जिना उतरला होता. मी उंबऱ्यावर एक पाय बाहेर टाकला, आणि मागून बाबांनी हाक मारली. मी बाहेर पडले तर मला परत आत घेणं कोणाच्या हातात असेल, हे त्यांनाही कळलं होतं. आणि त्यांना एकट्यानं पलंगावर कुशीही बदलता येत नाही.

मी पाय आत घेतला.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात फोन लावला. उचलणाऱ्यानं सांगितलं की, ते रजेवर आहेत, राहायला जागा शोधताहेत. एकटा माणूस आहे, एखादी खोली असली तर कळवा.

याला आता सात आठवडे झाले. घर उबदार आहे, गळत नाही, कोणी नोटीस देत नाही. रोज साडेबाराला टेबलावर दोन ताटं झाकून ठेवलेली असतात. मी एक बाबांना भरवते, दुसऱ्यातलं मी खाते. जेवण वाईट नसतं. पहिल्या दिवसापासून बाबांच्या ताटात मीठ नसतं. डॉक्टरांनी त्यांना मीठ बंद केलंय, हे मी या घरात कोणालाही सांगितलेलं नाही, बाबांनासुद्धा.