बिनानावाचा खटका

शोरूममध्ये गाडी ताब्यात घ्यायला गेलेल्या माणसाला गाडी सोडून सगळं लगेच मिळतं. सोफा मिळतो, पाणी मिळतं, गाड्यांचं माहितीपुस्तक चाळायला मिळतं. मग 'दोनच मिनिटं सर' म्हणून विक्रेता जो आत गडप होतो, तो माणसाचा दिवस बुडाल्याशिवाय बाहेर येत नाही. तपासनीस असा ताटकळत बसला होता आणि त्याच्या डोक्याचा पारा चढत चालला होता.

तपासनीस म्हणजे वजनकाटे तपासणारा. दुकानोदुकानी जाऊन कुठला काटा खरा आणि कुठला लबाड हे ठरवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. एका ठिकाणचं कमी झालं म्हणजे ते दुसरीकडे कुठेतरी गेलेलंच असतं, हवेत विरत नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर त्याचा गाढ विश्वास होता. बाकी कशावर नव्हता. विक्रेत्यांवर तर मुळीच नव्हता.

शेवटी गाडी आली ती लाल कापडात गुंडाळलेली. बायकोनं कापड ओढायचं, मग दोघांनी मिळून पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली धरायची, मग सगळ्या कर्मचाऱ्यांनी टाळ्या पिटायच्या असा बेत होता. तपासनीसाला ती किल्ली धरून मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको मात्र खुशीत होती, आणि तिचं बरोबर होतं. गाडी तिच्यासाठीच होती.

ती बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबल्यावर तिला वॉर्डाची मुख्य म्हणून जागा मिळाली होती, पण ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात. पहिली पाळी उजाडताना सुरू व्हायची आणि त्या वेळेला तिकडे जाणारी बस नव्हती. वर्षभर काम पाहून मग जागा पक्की करणार होते. त्यात उशीर चालण्यासारखा नव्हता.

"भावोजी, काळजीच सोडा," मेहुणा म्हणाला. हा बायकोचा धाकटा भाऊ. गाडी कुठली घ्यायची ते त्यानं व्हिडिओ पाहून ठरवलं होतं, त्यामुळे तो आता स्वतःच ती बनवल्यासारखा वागत होता. "रात्री चार्जिंगला लावायची आणि झोपायचं. सकाळी फुल्ल. मोबाइल आणि ही, दोन्ही सारखंच."

"माझा मोबाइल सकाळपर्यंत टिकत नाही," तपासनीस म्हणाला.

घरी चार्जर बसवायला वायरमन यायचा होता. तो 'निघालोच' असं फोनवर सांगत राहिला आणि एकदाचा उगवला. घराच्या बोळवजा पॅसेजमध्ये, टोकाच्या भिंतीवर विजेचा बोर्ड होता. त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला गाडी उभी करायची जागा. वायरमननं भिंतीला भोक पाडलं, बाहेर चार्जर टांगला आणि बोर्डात एक नवा खटका बसवला. बोर्डातल्या प्रत्येक खटक्याखाली बायकोच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: हॉल, स्वयंपाकघर, गिझर. नव्याखाली तिनं 'गाडी' लिहून चिकटवलं.

एका खटक्याखाली काहीच नव्हतं. घर घेतलं तेव्हापासून तो तसाच खाली, बंद होता.

"हा कशाचा हो?" तपासनीसानं विचारलं.

"असेल कशाचा तरी," वायरमन हत्यारं पिशवीत कोंबत म्हणाला. "प्रत्येक घरात एखादा असतोच असा. राहू द्या."

तपासनीसाला सगळे वर आणि एकच खाली हे सहन होईना. वायरमन गेल्यावर त्यानं तो खटका वर केला. काही झालं नाही. ओळ सरळ दिसायला लागली, त्याला बरं वाटलं, आणि तो ते विसरूनही गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायको गाडीत बसली आणि तशीच खाली उतरली.

"अहो, काल लावली होती ना?"

"म्हणजे काय! हिरवा दिवा बघूनच आत आलो."

दिवा अजूनही हिरवाच होता. पण गाडीत आदल्या संध्याकाळपेक्षा कमी चार्ज होता. तपासनीसानं आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. रात्रभर नळाखाली ठेवलेला हंडा सकाळी आणखी रिकामा निघावा तशातली गत. त्या दिवशी ती रिक्षा शोधत धावली आणि उशिरा पोचली.

मग फोनाफोनी सुरू झाली. विक्रेता, जो गाडी विकेपर्यंत दिवसातून चारदा फोन करायचा, तो आता मीटिंगमध्ये राहायला लागला. मदतकेंद्रातली बाई फार गोड बोलली. तिनं गाडी बंद करून चालू करायला सांगितलं. मेहुण्याला भलताच शोध लागला. "भावोजी, काही गाड्या उलटी वीज घराला देतात. तुमची तेच करत असणार." तपासनीसानं पुन्हा मदतकेंद्राला विचारलं. "सर, तुमच्या गाडीला ती सोयच नाही," बाई म्हणाली, आणि सेवा कशी वाटली ते विचारून तिनं फोन ठेवला. वायरमन आला, टेस्टर लावला, "वायरिंग एक नंबर आहे" म्हणाला आणि हात वर करून चालता झाला.

गाडी कधी भरायची, कधी रिती व्हायची. बायकोला आणखी एकदा उशीर झाला. त्या दिवशी वॉर्डात एक बाई अडली होती आणि सूत्रं हातात घ्यायला मुख्यच जागेवर नव्हती. बाई सुटली, बाळही बरं होतं, पण मेट्रननं बायकोला खोलीत बोलावून घेतलं.

ती घरी आली ती पर्स न ठेवताच बोलली. "पुन्हा उशीर झाला तर जागा गेली. स्पष्ट सांगितलंय मला. मी तिकडे क्वार्टर्समध्ये खोली घेते. सुट्टीला येत जाईन."

"सुट्टीला? मी काय पाहुणा आहे?"

"मग मी काय करू? तुम्हीच सांगा!" तिचा आवाज फुटला. "इतक्या वर्षांनी मिळालंय हो मला हे."

मुलंबाळं नव्हती. सकाळी तिनं केलेला चहा आणि रात्री तिनं काढलेल्या कुरापती, एवढंच तपासनीसाचं घर होतं. ती गेली की राहणार काय, चार भिंती आणि एक हिरवा दिवा.

याच दिवसांत आणखी काही बारीकसारीक घडत होतं, पण गाडीच्या कटकटीत त्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. बोर्डाची भिंत हाताला कोमट लागायची, ऊन तिकडे येत नसताना. पहाटे पॅसेजमध्ये इस्त्रीखाली तापलेल्या सुती कापडाचा वास यायचा. बायको इस्त्री लावायला उठायची त्याच्या आधी. एकदा ती आंघोळीहून आली आणि म्हणाली, "मघाशी हाक मारलीत?" त्यानं मारली नव्हती. "चिडून मारलीत, म्हणून विचारलं," ती म्हणाली आणि केस पुसायला लागली.

रविवारी जेवणं उरकल्यावर तपासनीसानं बाह्या सरसावल्या. काटा लबाड असेल तर तो कुठे लबाडी करतो ते शोधायची त्याची एक रीत होती: एकेक वजन उचलायचं आणि बघायचं. त्यानं बायकोला मोबाइल घेऊन गाडीत बसवलं आणि आकडा ओरडून सांगायला सांगितलं. गाडी चार्जिंगला लावलेली. आकडा घसरत होता.

त्यानं हॉलचा खटका पाडला. "उतरतोच आहे," ती बाहेरून ओरडली. स्वयंपाकघर पाडलं. फ्रिज हुंदका देऊन थांबला. "उतरतोय हो!" गिझर, बेडरूम, 'गाडी' सोडून सगळं पाडलं. घरात एक दिवा नाही, एक पंखा नाही, आणि गाडी तरीही रिती होत होती. तपासनीसाच्या कपाळाची शीर तडतडायला लागली. वीज जाते तर कुठेतरी गेलीच पाहिजे. पण आता घरात कुठेतरी म्हणावं असं काही उरलंच नव्हतं.

मग त्याची नजर त्या बिनानावाच्या खटक्यावर गेली. आपणच तो वर केला होता हे आठवून त्याला स्वतःचीच चीड आली. त्यानं खटका खाली पाडला.

"अहो!" बायको ओरडली. "चढला! चढतोय!"

त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं बाकीचे खटके भराभरा वर केले, पंखा फिरायला लागला, आणि बायको धावत आत आली ती लहान मुलीसारखी हसत. "एवढासा खटका पळवून लावणार होता होय मला घरातून!" तिनं त्याच्या पाठीवर चापट मारली. कितीतरी दिवसांनी मारली.

त्याच वेळी भिंतीतून आवाज आला.

"अहो, लाइट गेली."

आवाज बायकोचा होता. बायको त्याच्या शेजारी उभी होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं.

तपासनीस बाहेर धावला. भिंतीपलीकडे फक्त गाडी होती, चार्जरचा हिरवा दिवा होता आणि फरशीवर ऊन पडलं होतं. तो परत आला तेव्हा बायको भिंतीला कान लावून उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"गाडीचं चार्जिंगही थांबलं," भिंतीतली बायको म्हणाली. "आता कुठे जरा भरायला लागली होती."

"थांब जरा. बघतो," एक पुरुष वैतागून म्हणाला. तपासनीसानं आपला आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. तो आपल्याला वाटतो त्याहून म्हातारा आहे, एवढंच त्याच्या मनात आलं.

बोर्डात खट् झालं. बिनानावाचा खटका आपोआप वर आला होता.

त्यानं तो पाडला. तो पुन्हा वर आला.

"सोडू नका," बायको कुजबुजली. तिनं त्याचा दंड घट्ट पकडला होता. "धरून ठेवा. उद्या पहिली पाळी आहे माझी."

त्यानं अंगठा खटक्यावर रोवला. खालून दाब येत होता. स्प्रिंगचा दाब त्याला माहीत होता, तो एकसारखा असतो. हा दाब मध्येच कमी व्हायचा, दम घ्यायचा आणि पुन्हा जोर करायचा. अंगठ्याला घाम फुटला, तरी त्यानं हात काढला नाही.

मग दाब एकदम गेला.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग एकामागून एक खटके पाडल्याचे आवाज यायला लागले. खट्. जरा थांबून, खट्. आपल्याच रीतीनं कुणी एकेक वजन उचलून बघत होतं.

"सापडलं वाटतं," तो पुरुष म्हणाला. "अगं, इथे एक खटका आहे. त्याच्याखाली काही लिहिलेलंच नाही."

"मग पाडा ना तो."

"नको!" तपासनीसाची बायको किंचाळली. ती दोन्ही मुठींनी भिंत बडवायला लागली. "पाडू नका! अहो, आम्ही आहोत इकडे! ऐकताय का!"

"भिंतीत काहीतरी वाजतंय हो," पलीकडची बायको म्हणाली.

"वाजू दे. आधी तुझी गाडी तर भरू दे."

खट्.

पंखा मंदावला आणि थांबला. फ्रिजची घरघर थांबली. रस्त्यावरून एक स्कूटर येत होती, तिचा आवाज अर्ध्यावरच तुटला.

मग खिडकीतलं दुपारचं ऊन गेलं.