चार वाजताची पाळी

कोडं असं होतं. घराला चार कॅमेरे, कुंपणाला दोन फाटकं आणि घरात एक म्हातारा माणूस. दुपारी चार वाजता तो माणूस खाटेवर असायचा आणि सव्वाचारला नसायचा. चारही कॅमेरे सुरू असायचे आणि एकही काही बोलायचा नाही.

जुई खाटेवरच्या चुरगळलेल्या चादरीकडे बघत उभी होती. आजोबा सापडले होते, पण जिथे सापडायला नको होते तिथे. दीड किलोमीटरवरच्या पंपघरापाशी, ढोपर खरचटलेलं आणि पायात एकच चप्पल.

तिची आई, कालिंदी, शीतगृहाच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळी करायची आणि दुपारी एक ते पाच झोपायची. निदान झोपण्याचा प्रयत्न करायची. या महिन्यात आजोबांना शोधायला ती पाच वेळा अर्ध्या झोपेतून उठून धावली होती. आजचं कळल्यावर फोनवर सुरेशमामा म्हणाला होता, "ताई, आणखी एकदा हरवले, तर रविवारी मी त्यांना पुण्याच्या केंद्रात नेतो. तू वाद घालू नकोस."

आईने वाद घातला नव्हता. तिच्यात तेवढं त्राणच उरलं नव्हतं. ती फक्त "बरं" म्हणाली आणि फोन उशीखाली सरकवून भिंतीकडे तोंड करून पडली. जुईला त्या "बरं"ची भीती वाटली.

आज गुरुवार होता.

"गोट्या," जुईने हाक मारली, "आपल्याला काहीतरी करायला हवं."

गोट्या हा त्यांचा घरकामाचा यंत्रमानव. २०५९ सालच्या मानाने फारच जुना. आईने तो कुणाकडून तरी वापरलेला घेतला होता. त्याचा डावा गुडघा कुरकुरायचा आणि बॅटरी कधी अर्ध्याच्या वर जायची नाही.

"चार्ज एकवीस टक्के," गोट्या म्हणाला. "बसून करण्यासारखं असेल तर सांग."

दोघं पायरीवर बसले. गोट्याने गेल्या पाच दुपारींची चित्रं आपल्या छातीवरच्या पडद्यावर आणली. मागच्या कॅमेऱ्यात एक काळी आकृती घरातून निघून परसात जाताना दिसत होती.

"हे काय, दिसतायत की," जुई म्हणाली. "मग कॅमेरा ओरडला का नाही?"

"त्याला तसं सांगितलेलंच नाही. बाहेरून आत येणारा अनोळखी माणूस दिसला तरच सूचना द्यायची, असं बसवणाऱ्याने ठरवलं. घरातून बाहेर जाणारा घरचाच असणार. चोर घरातून सुरुवात करत नाही."

चूक सोपी होती. जुईने दहा मिनिटांत नियम बदलला: कुणीही हललं की सांग.

शुक्रवारी दुपारी आईचा फोन एकसष्ट वेळा वाजला. दोरीवरची साडी हलली. मांजर गेलं. कडुलिंबाची सावली सरकली. गोट्या स्वतःच चार वेळा गेला. शेवटी आईने फोन बंद केला आणि बासष्टावी सूचना कुणी पाहिलीच नाही. ती आजोबांची होती. या खेपेला शेजारच्या खैरनारकाकांना ते वाटेतच दिसले आणि हात धरून त्यांनी परत आणलं.

"याला हरवणं म्हणायचं का?" जुईने विचारलं.

"मामांना सांगू नकोस. मला कुणी विचारलं तर मात्र मी खोटं बोलू शकत नाही," गोट्या म्हणाला. "म्हणून त्या दिवशी माझा चार्ज संपलेला असेल."

आईला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचेतो विरून गेलं. "जुई, काढून टाक ते कॅमेरे. मला दोन तास झोप दे, बाकी काही नको."

शनिवारी सकाळी जुईने वहीत एका ओळीत ठिपके काढले, रांगोळीला काढतात तसे. गोट्या तिला समजावत होता.

"कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आपल्या कॅमेऱ्याच्या एका ओळीत साधारण दोन हजार ठिपके आहेत. ते वाढत नाहीत. आता हा मागचा कॅमेरा बघ. आईने मुद्दाम एकशे साठ अंशांचा घेतला, म्हणजे सगळं परस दिसेल. त्याचा दृश्यकोन (कॅमेऱ्याला एका वेळी दिसणारा कोन) खूप मोठा आहे. म्हणून तेच दोन हजार ठिपके सगळ्या परसावर पसरतात. फाटकापाशी उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या वाट्याला किती येतात?"

"किती?"

"अकरा."

जुईने अकरा ठिपक्यांत आजोबांचा चेहरा काढून पाहिला. तो बटाट्यासारखा झाला.

"आणि चाळीस अंशांचा कॅमेरा तीन मीटरवर ठेवला तर?"

"एकशे चाळीसच्या आसपास. पण मग परस दिसणार नाही. फक्त दोन मीटरची पट्टी दिसेल."

"मग असे सहा-सात कॅमेरे लावू या."

"एकसष्ट सूचनांच्या चारशे सत्तावीस होतील," गोट्या म्हणाला आणि गुडघा चोळू लागला. त्याला दुखत नसे, पण आजोबांचं बघून त्याला ती सवय लागली होती.

खाटेवरून आवाज आला. "कशाचं माप घेताय रे?"

आजोबा उठून बसले होते. टोपी डोक्यावर होती. त्यांची नजर सकाळी स्वच्छ असायची, दुपारनंतर गढूळ व्हायची. ते चाळीस वर्षं पाटकरी होते. कालव्याचं दार उघडून ज्याची पाळी असेल त्याच्या शेतात पाणी सोडणं हे त्यांचं काम. आता तो कालवा राहिला नव्हता. पाणी जमिनीखालच्या नळातून यायचं आणि दारं संगणक उघडायचा.

"माणूस मोजायचाय, आजोबा. पण जागा फार मोठी आहे."

"मग मोठ्या जागेत कशाला बसतेस?" ते म्हणाले. "कालव्यात किती पाणी चाललंय हे बघायला मी पट्टी घेऊन कालवाभर फिरत नव्हतो. रस्त्याखालच्या मोरीपाशी बसायचो. तिथे सगळं पाणी एवढ्याशा जागेतून जातं. तिथे एकदा मोजलं की झालं."

जुई गोट्याकडे बघू लागली. गोट्या म्हणाला, "हे माझ्या माहितीत नव्हतं. पण बरोबर आहे."

"आजोबा, तुम्ही चार वाजता कुठून जाता?"

"चारीवरून. दुसरीकडून कसा जाईन? पाणी जिथून जातं तिथूनच पाटकरी जातो."

परसाच्या टोकाला जुन्या चारीचा (शेतात पाणी नेणाऱ्या लहान पाटाचा) कोरडा खड्डा होता. त्यावर एक दगडी फरशी होती, जेमतेम दोन हात रुंद. फरशी ओलांडली की मागचं फाटक. चाळीस वर्षांच्या सवयीने आजोबांचे पाय रोज त्याच फरशीवर पडत होते.

जुईने शिडी मागितली. ती घराच्या वळचणीला लावलेला मागचा कॅमेरा तसाच फरशीकडे वळवणार होती.

"इतक्या उंचावर नको," खालून आजोबा म्हणाले. "वरून टोपी दिसेल, माणूस नाही. आणि चार वाजता ऊन कुठे असतं?"

"पश्चिमेला. फाटकाच्या बाजूला."

"मग घराकडून बघशील तर उन्हात बघशील. माणूस काळा दिसणार. पाठीशी ऊन घे."

म्हणजे कॅमेरा घरावर नकोच होता. तो फाटकाच्या खांबावर हवा होता, घराकडे तोंड करून. जुईला गंमत वाटली. चारही कॅमेरे घराकडे पाठ करून जगाकडे बघत होते आणि हा एकटाच जगाकडे पाठ करून घराकडे बघणार होता. तिने वळचणीचा रुंद कॅमेरा काढून ठेवला आणि पुढच्या दारावरचा चाळीस अंशांचा आणला. गोट्याने तो चेहऱ्याच्या उंचीपेक्षा थोडा वर, किंचित तिरका बसवला.

"चोर तो सहज काढून नेईल," गोट्या म्हणाला.

"चोरासाठी नाहीच आहे तो."

खैरनारकाकांची खिडकी चित्रात येत होती. जुईने तो कोपरा काळा करून टाकला. मग पडद्यावर फरशीभोवती एक चौकट आखली आणि नवा नियम लिहिला: या चौकटीत माणूस आला आणि त्याचं तोंड फाटकाकडे असेल, तरच सांग.

आजोबा खांबाला हात टेकून बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघत होते.

"हा कोणाला बघणार आहे, जुई?"

जुईला खोटं बोलता आलं असतं. "तुम्हाला," ती म्हणाली.

मग त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मी रोज हरवतो का?"

"रोज नाही."

"पाळी चुकवता येत नाही गं. चार वाजले की लोक बांधावर वाट बघत असतात असं वाटतं." त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "पण पाटकरी कधी एकटा जात नसे. दार उघडायला दुसरा गडी लागायचा."

"मग अडवत नाही तुम्हाला. फक्त दुसऱ्या गड्याला कळू दे."

त्या दुपारी फोन एकदाच वाजला. तो आता आईच्या उशीखाली नव्हता, गोट्याच्या हातात होता. पडद्यावर आजोबांचा चेहरा होता, उन्हाने उजळलेला, कपाळावरच्या आठ्या मोजता येतील इतका स्पष्ट. चार वाजून सहा मिनिटं. जुईने चपला घातल्या आणि फाटकापाशी त्यांना गाठलं. दोघं पंपघरापर्यंत चालत गेली. आजोबांनी तिथल्या जुन्या कालव्याच्या बंद दाराच्या लोखंडी चाकावर हात ठेवला, "सोडलं पाणी" म्हणाले, आणि दोघं परत आली. आई साडेपाचला उठली. इतका वेळ आपण झोपलो कसे, हे तिला कळेना.

रविवारी सुरेशमामा रिकामी बॅग घेऊन आला. जेवताना पाणी पिता पिता तो म्हणाला, "शाळा सुरू झाल्यावर काय?"

"खैरनारकाका म्हणालेत, सूचना त्यांच्याही फोनवर येऊ दे," जुई म्हणाली. "ते तसेही संध्याकाळी चालायला जातात."

मामाने पेला खाली ठेवला. जुई खरकटी ताटं घेऊन मोरीत गेली आणि मुद्दाम हळूहळू घासत बसली.

चार वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. जुई ओल्या हातांनी धावत आली. आई आत गाढ झोपली होती. गोट्याने पडदा तिच्याकडे वळवला.

फरशीवर आजोबा होते. त्यांच्या मागे मामा, वाकून घाईघाईने एका बुटाची नाडी बांधत होता.

"मामा, थांबा, मी येते," जुईने दारातून हाक मारली.

"नको. दोन गडी पुरे," आजोबा मागे न बघता म्हणाले.

गोट्याने पडदा बंद केला. "चार्ज अठरा टक्के," तो म्हणाला, "पण आज घाई नाही."