सुताच्या अलीकडे

सेलूत पटकीची साथ आली की गावाभोवती कच्चं सूत फिरवून शीव बांधतात. सुताची गुंडी धरायचा मान आमच्या दुकानाचा. सुताच्या आत गाव. बाहेर राहील त्यानं आपलं आपण बघावं. मोगलाईत हीच रीत आहे.

मी चंद्रप्पा, मापात कधी फसलो नाही.

जिनिंगच्या गोदामामागे आश्रुबा, त्याची बायको कडूबाई आणि त्यांचे दोन तरणे लेक राहायचे. दिवसा सरकीची पोती वाहायचे. एका अमावस्येला तिन्हीसांजेला तिकडं गेलो, तर चौघांची कापडं घडी घालून ठेवलेली. तिथून वावराकडे लांडग्यांची पावलं गेलेली. गावातलं शेरडूसुद्धा कधी नाहीसं झालं नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो.

त्या साली साथ आली तशी कडूबाई दुकानात आली.

"पिंपळ मुंजाचा, हीर पान्यातल्या आसरांची. आमी मागून आलाव, आमाला जागाच न्हाई. त्ये आमच्या लय वाईटावर हायती, अप्पा. औंदा आमाला शिवंच्या आत घ्या."

गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून मी म्हणालो, "घेतो."

निघताना तिनं वाटेतली गुंडी बाजूला सारली, हाताला पदर गुंडाळून. नुसत्या हातानं ती सूत कधी धरत नसे.

शीव बांधायच्या आदल्या दिवशी माझी सात वर्षांची महानंदा चिंब भिजून घरी आली. दंडावर दातांचे व्रण होते.

"कुणी केलं गं?"

"आश्रुबाकाका," एवढंच म्हणाली. मग ताप चढला आणि तिची वाचाच बसली.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी सूत गोदामाच्या अलीकडूनच वळवलं. कडूबाई भिंतीला टेकून बघत होती.

"अप्पा, आमी ऱ्हायलाव की."

मी सूत सोडत पुढं गेलो.

त्या अमावस्येला दिवेलागणीला गोदामामागून ओरडणं ऐकू आलं. आधी चार आवाज, मग तीन. सकाळी एक घडी तशीच पडून होती. कापडं ओली होती, त्यांना शेवाळाचा वास येत होता. कडूबाई त्यांच्याशेजारी बसली होती. तिनं मला हाक मारली नाही.

पुढच्या अमावस्येला दोनच आवाज उरले.

मग एकच.

चौथ्या अमावस्येला कुणी ओरडलं नाही.

त्याच आठवड्यात महानंदा बोलू लागली. भाकरी खाता खाता म्हणाली, "हिरीतल्या बायांनी माझे पाय धरले होते, अप्पा. काकानं दातानं वढून काढलं."

ज्यानं माझं लेकरू परत दिलं, त्याचं घर मी बुडवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडानं?

यंदा वालूरकडून पुन्हा साथ येतेय. उद्या शीव बांधायची. महानंदाच्या दंडावरचे व्रण अजून ओलेच आहेत, आणि अमावस्या आली की ती जेवत नाही.

मघाशी तिला आतून गुंडी आणायला सांगितली. उंबऱ्यात येऊन ती थांबली.

"अप्पा, औंदा मला आत घ्याल ना?"

मी गुंडीसाठी हात पुढे केला. तिनं ती दिली. हाताला परकराचा घोळ गुंडाळला होता.