डबा रिकामा देत नाहीत

गुरुवार होता. मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार, अकरा डिसेंबर, गेल्याच सालचा. रात्रीचे आठ वाजले असतील. नरेंद्र भंवरकुआं मोहल्ल्यातल्या आपल्या खोलीतून निघाला. हातात स्टीलचा डबा, टॉवेलात गुंडाळलेला. काम एवढंच, की डबा ज्याचा त्याला परत करायचा.

मोबाइल पालथे ठेवा आधी. यशवर्धन, तुझा पण. ऐकायचं तर ऐका, नाही तर वर जाऊन झोपा. भाडेकरूंना गोष्टी सांगायचा करार नाही झालेला माझा.

तर हा नरेंद्र माझ्या ओळखीचा. महूचा. आजा पलटणीत, बाप पलटणीत, भाऊ आता पण तिकडे बर्फात कुठं तरी. आई होती ती मागच्या उन्हाळ्यात गेली आणि घराला कुलूप लागलं. पोरगा इंग्रजीत एम.ए. दसरा झाल्यावर इथल्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून लागला. कुठली शाळा ते विचारू नका. सांगणार नाही.

मी स्वतः चौथीपर्यंत. मास्तर लोकांचं मला कौतुक नाही. पण त्यांच्यात एक रीत असते. मधल्या सुट्टीत दोन टेबलं जोडतात, सगळे डबे उघडतात, ह्याची भाजी त्याच्याकडे, त्याचं लोणचं हिच्याकडे. पहिल्या दिवशी ह्याला पण बोलावलं. "आइये सर, बैठिये." बसला. मग एकानं विचारलं, पूरा नाम? ह्यानं आडनाव सांगितलं. "अच्छा अच्छा. महू साइडचे."

बस. कोणी उठलं नाही, कोणी वाकडं बोललं नाही. आजकाल जात कोण विचारतं, आडनाव विचारतात. फक्त डबे जरा पलीकडे सरकले. बोटभर. शहाण्या माणसाला बोटभर पुरतं. दुसऱ्या दिवसापासून नरेंद्र खिडकीपाशी एक रिकामं टेबल होतं तिथं बसायला लागला. बिस्कुटाचा पुडा घेऊन.

महिनाभर असंच. सकाळी पोरं म्हणायची 'गुड मॉर्निंग सर', संध्याकाळी ऑटोवाला म्हणायचा 'भिया, जरा सरकना.' दिवसाचं बोलणं एवढंच. त्याच्या बिल्डिंगीत कोचिंगची चाळीस पोरं, एकाला ह्याचं नाव ठाऊक नाही. रात्री खोलीत मोठ्यानं धडा वाचायचा. शिकवायची तयारी म्हणून नाही. खोलीत माणसाचा आवाज असावा म्हणून.

आणि एक दिवस त्या खिडकीच्या टेबलावर डबा आला.

छोटाच. झाकणाला एका बाजूनं पोचा. झाकणावर कोरलेलं, 'सौ. इंदिरा, १९८४'. आत चार घड्यांच्या दोन पोळ्या, तूप लावलेल्या. मेथीची भाजी. कोपऱ्यात गुळाचा खडा. दुपारचा दीड वाजलेला, आणि डबा गरम.

त्यानं इकडे तिकडे बघितलं. कोणी बघत नव्हतं. शाळा दोन पाळ्यांची, सकाळी साडेदहापर्यंत लहान पोरं बसतात. त्याला वाटलं, सकाळच्या पाळीची कोणी बाई असेल, टेबल तिचं पण असेल, जाताना ठेवून गेली. जेवला. डबा धुतला, टेबलावर ठेवून घरी गेला. दुसऱ्या दिवशी डबा भरलेला. भाजी बदललेली. गुळाचा खडा त्याच कोपऱ्यात. असे तीन आठवडे.

"कोणाला विचारलं नाही त्यानं?"

पूर्वा, तू हुशार आहेस, पण एकटी कधी राहिली नाहीस. विचारलं आणि कोणी म्हटलं, 'सर, वो तो गलती से रख दिया था', तर? एवढ्या मोठ्या शहरात एका माणसाला ह्याची भूक ठाऊक होती. एकाच. ते पण हातचं घालवायचं का?

पण सात तारखेला, रविवारी, स्टाफची पिकनिक झाली. फोटो आले तेव्हा ह्याला कळलं. त्या रात्री राजीनामा लिहिला आणि खिशात ठेवला. शुक्रवारी द्यायचा. जायच्या आधी त्या बाईला एकदा भेटायचं, हात जोडायचे, बस. म्हणून ऑफिसात धनेश बाबूला विचारलं.

"इंदिरा मॅडम? इंग्लिशवाली? कंप्यूटर में है ना सर. लिख लो. कृष्णपुरा, छत्री के पीछे वाली गली, आखरी मकान."

हा धनेश पण शाळेत नवाच. आणि कंप्यूटरला नाव तेवढं कळतं, माणूस कळत नाही.

"आजोबा, हे पण गल्लीतलं शेवटचंच घर आहे ना?"

प्रत्येक गल्लीला शेवटचं घर असतं. मध्ये बोलू नको.

डबा रिकामा परत देत नाहीत. त्याच्या आईनं शिकवलेलं, सगळ्यांच्याच आया शिकवतात. चिमूटभर साखर घाला, पण रिकामा नाही. ह्यानं तीन आठवडे टेबलावर रिकामाच ठेवला होता, त्याची लाज. बाजारातून मिठाई आणली असती तरी चाललं असतं. पण नाही. खोलीतल्या शेगडीवर पिठलं-भात केला. आयुष्यात पहिल्यांदा. भरला आणि निघाला.

पावणेनऊला कृष्णपुऱ्याच्या पुलावर ऑटोतून उतरला. थंडी अशी की रस्त्यावर कुत्रं नाही. एका बाजूला राजे लोकांच्या समाध्यांच्या छत्र्या, खाली नदी, काळी. डबा तोवर गार झालेला. पुलाच्या मधोमध आला…

आणि डबा तापला.

टॉवेलातून चटका बसला. त्यानं हात बदलला. परत चटका. पूल संपला तसा डबा निवला. नुसता कोमट.

तो म्हणतो तसं मी सांगतो. मी पुलावर नव्हतो.

शेवटचं घर. बल्ब. त्यानं कडी वाजवली. दार एका म्हाताऱ्यानं उघडलं. एकटा राहणारा, खवीस म्हातारा.

"कोण पाहिजे?"

"इंदिरा मॅडम आहेत?"

म्हाताऱ्यानं दार अर्धं लोटलं.

"मी शाळेतून आलोय. नवीन इंग्रजीचा… त्यांचा डबा द्यायचा होता."

"मस्करी करतो? कोणी पाठवलं रे तुला? चल, निघ!"

नरेंद्रनं टॉवेल सोडला. झाकण बल्बखाली धरलं.

म्हाताऱ्यानं पोच्यावर अंगठा फिरवला. एकदा. परत एकदा. मग चौकटीला धरून खाली बसला.

"अकरा वर्षं झाली तिला," म्हणाला. "असाच मार्गशीर्षातला गुरुवार. शाळेतच गेली. खिडकीपाशी बसायची, एकटी. टेबलावर डोकं ठेवलेलं. लोकांना वाटलं, पोरांच्या वह्या तपासून थकली."

नरेंद्र उभा.

"त्या सकाळी भांडण झालेलं आमचं. कशावरून ते आठवत नाही. देवाशप्पथ आठवत नाही. तिनं माझा डबा ओट्यावर ठेवला. मी उचलला नाही. मिलची नोकरी सुटलेली माझी, तेव्हा दुसरीकडे चौकीदारी करायचो. उपाशी गेलो, पण उचलला नाही. हाच डबा. तिसऱ्या दिवशी तसाच बंद… पुलावरून नदीत फेकला. उघडून पण बघितला नाही."

"पण मी… तीन आठवडे रोज…"

"काय असतं आत?"

"पोळ्या. भाजी."

"आणि?"

"गुळाचा खडा. कोपऱ्यात."

म्हातारा रडला नाही. चिडला. "मला अकरा वर्षांत एक घास नाही! आणि तुला रोज?"

नरेंद्र म्हणतो, भुताची भीती त्याला तेव्हा वाटलीच नाही. दुसरंच काही वाटलं. ह्या शहरात त्याची आठवण ठेवणारं एक माणूस होतं. आणि ते… अकरा वर्षांपूर्वीच…

त्यानं डबा उंबऱ्यावर ठेवला. वळला.

तेव्हा आतून आवाज आला.

ताट ठेवल्याचा.

म्हातारा बाहेर. आत कोणी नाही. स्वयंपाकघरात दिवा नाही.

…

मग दुसरं ताट.

…

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं. दोघं हलले नाहीत. आत परत काही वाजलं नाही. मग म्हाताऱ्यानं डबा उचलला.

"जेवून जा."

आत दिवा लावला. जमिनीवर दोन ताटं. समोरासमोर. दुसरं काही नाही. कोणी नाही. डबा उघडला तर पिठल्याची वाफ आली. दोघं बसले. खाल्लं.

"गाठी आहेत," म्हातारा म्हणाला.

"हो."

"तिच्या पण व्हायच्या."

नरेंद्रला परत पाठवलं नाही त्या रात्री. बाहेरच्या खोलीत अंथरूण दिलं. उष्टा डबा मोरीत ठेवला. दाराला आतून कडी.

एक वाजून वीस मिनिटं. नळ सुटला.

घासल्याचा आवाज. घरात तारेची घासणी होती. आवाज नारळाच्या शेंडीचा होता.

घासतंय…

घासतंय…

थांबलं.

दोघं जागे.

सकाळी डबा ओट्यावर. धुतलेला, कोरडा, झाकण घट्ट. म्हातारा त्याच्यासमोर उभा राहिला, किती वेळ ते त्याचं त्याला ठाऊक. ह्या वेळी उघडला.

आत गूळ. म्हाताऱ्याला शुगर, घरात गुळाचा कण नाही अकरा वर्षांत. पण रिकामा देत नाहीत ना.

खडे दोन होते.

एक म्हाताऱ्यानं तिथंच उभ्याउभ्या खाल्ला. शुगर गेली खड्ड्यात. दुसरा नरेंद्रनं घेतला. बांधायला कागद शोधला, तर खिशात राजीनामा. त्यातच बांधला आणि शाळेत गेला.

त्या टेबलावर परत डबा आला नाही. आता तो स्वतः करून नेतो, जोडलेल्या टेबलांच्या मधोमध उघडतो. ज्याला सरकायचं त्यानं सरकावं. अजून एक-दोघं सरकतात. बाकीचे पिठलं मागून घेतात. गुरुवारी रात्री म्हाताऱ्याकडे जेवायला असतो.

"आणि तो म्हातारा, आजोबा? तो कुठं राहतो?"

…

यशवर्धन, तुझ्या मागं कोनाडा आहे. त्यात हात घाल. हां, तोच. सांभाळून. दे पूर्वाकडे.

पोचा दिसतो? नाव वाच. मोठ्यानं नको.

उघड. रिकामा आहे ना? डिसेंबरपासून त्यात काही भरलेलं नाही. चुलीजवळ पण ठेवलेला नाही.

आता लाव झाकण. आणि हात ठेव त्याच्यावर.

…

हं.

जा, झोपा आता.