उबेचे दोन डबे

चंद्रावरच्या वसाहतीत लावा पक्ष्याची अकरा अंडी उबवण यंत्रात ठेवली होती. त्यांची जबाबदारी दहा वर्षांच्या उर्मीने हट्टाने स्वतःकडे घेतली होती. चंद्रावर आजवर एकही पिल्लू अंड्यातून बाहेर आलेलं नव्हतं. त्यामुळे आज तापमानाचा काटा तीस अंशांवरून हलेना, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी साडेसदतीस अंशांची सूचना दिलीय! ही बघ," ती मालूआत्याला म्हणाली.

मालूआत्या वसाहतीची संगणकतज्ज्ञ. बाई हुशार, पण घाई म्हणून करायची नाही. तिने पडद्यावरची ओळ वाचली: Oob = 37.5, म्हणजे ऊब साडेसदतीस. "ओळ तर झकास आहे. मग यंत्र ऐकत का नाही?"

"आत्या, कोडी घालू नकोस गं! अंडी गार पडतायत!"

"तासभर टिकतील. घाबरून हात घातलास तर दोन तास जातील." आत्याने खुर्ची ओढली. "तुझं लिहिणं यंत्राला थेट कळत नाही. मध्ये कंपायलर असतो (आपल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम). नवं नाव दिसलं की तो त्या नावाचा डबा करतो (माहिती साठवायची जागा) आणि नाव यादीत टिपतो. ती यादी उघड."

यादीत वर होतं oob, तीस. खाली Oob, साडेसदतीस.

"अगं बाई, दोन डबे! आणि हीटर जुनाच वाचतोय. पण नाव तर एकच आहे ना?"

"तुझ्या डोळ्यांना. संगणकात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो आणि कंपायलर तो आकडा बघतो. मोठा O म्हणजे ७९, छोटा o म्हणजे १११. तू मोठा का काढलास?"

"ओळीच्या सुरुवातीला मोठं अक्षर काढायचं, असं इंग्रजीच्या बाईंनी शिकवलंय," उर्मी रडवेल्या आवाजात म्हणाली. "आपल्या मराठीत बरं. क म्हणजे क!"

तिने O छोटा केला. काटा एकतीसवर गेला, बत्तीसवर गेला, आणि उर्मीचा जीव भांड्यात पडला. लगेच तिचं डोकंही चालायला लागलं.

"आत्या, दोन आकड्यांत बत्तीसचा फरक आहे. A आणि a मध्ये?"

"६५ आणि ९७."

"तिथेही बत्तीसच! मग कंपायलरलाच सांग, प्रत्येक मोठ्या अक्षरात बत्तीस मिळव. सगळी छोटी होतील, भांडणच मिटेल."

आत्या खूश झाली, पण तिने हवेच्या यंत्राचा प्रोग्राम उघडून दाखवला. त्यात T म्हणजे तापमान होतं आणि t म्हणजे वेळ.

उर्मीने जीभ चावली. दोन्ही एकाच डब्यात पडले असते, तर अख्ख्या वसाहतीच्या हवेचा बट्ट्याबोळ झाला असता.

तिने पडद्यावरचे T आणि t पुन्हा निरखून पाहिले. मग म्हणाली, "डबे वेगळेच राहू देत. पण कंपायलरने मनातल्या मनात बत्तीस मिळवून नावं ताडून बघावीत. दोन नावं सारखी निघाली, तर आपल्याला विचारावं, हे मुद्दाम केलंय की चुकून?"

आत्याने तिथल्या तिथे तसं लिहून टाकलं.

अठराव्या दिवशी पहिल्या अंड्यातून टकटक ऐकू आली. नऊ पिल्लं बाहेर आली. दोन अंडी तशीच राहिली आणि त्यांच्यासाठी उर्मी मनसोक्त रडली. त्याच आठवड्यात मंगळावरच्या वसाहतीचा निरोप आला. त्यांनाही लावे वाढवायचे होते, तर अंडी पाठवाल का?

"पाठवू," उर्मीने उलट कळवलं. "पण आधी आमचा कंपायलर घ्या."